दुसरे बाजीराव : गर्व आणि भीति

यहुदी लोकांच्या धर्मग्रंथांत शौल नांवाच्या त्यांच्या पहिल्या राजाची कथा आहे. लोक काय म्हणतील या धाकानें त्यानें शमुवेल संदेष्ट्याची आज्ञा मोडली. आणि आपल्याच पदरच्या दाविदाची कीर्ति सहन न होऊन, परशत्रु सीमेवर असतां, भाला उगारला तो दाविदावर. ही कथा वाचतांना दुसऱ्या बाजीराव पेशव्यांची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं.

बाजीरावांचा जन्म १७७५ सालीं धार येथें झाला. वडील राघोबादादा गादीच्या लोभानें इंग्रजांच्या दारीं गेले. त्याचें प्रायश्चित्त मुलाच्या वांट्यास आलें. आनंदवल्लीस व पुढें शिवनेरीवर पहाऱ्यांत वाढलेल्या या तरुणास १७९६ सालीं एकाएकीं पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं. संशयाखेरीज दुसरें शिक्षण त्यास मिळालेंच नव्हतें.

पहिली भीति नाना फडणविसांची. १७९७ च्या अखेरीस दौलतराव शिंद्यांच्या हातून नानांस कैद करविण्यांत आलें. शिंद्यांचें देणें दोन कोटींच्या घरांत, आणि खजिना रिकामा! तेव्हां सर्जेराव घाटग्यांस पुण्यांत मोकळें सोडण्यांत आलें. त्यांनीं सावकार व प्रतिष्ठित गृहस्थ धरून आणून त्यांचे हाल केले; कित्येक त्यांतच मेले. व्यापारी वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. ज्या पेठांच्या हुंड्यांवर राज्य चालावयाचें, त्याच पेठा धन्यानें आपल्या हातानें लुटावयास दिल्या. पुढें मामलती मक्त्यानें देण्याची चाल वाढली, आणि जो जास्त बोली बोलेल त्याच्या हवालीं रयत झाली.

१८०१ सालीं विठोजी होळकर हातीं सांपडले. त्यांस हत्तीच्या पायीं देण्यांत आलें. त्यांचे बंधु यशवंतराव १८०२ च्या आक्टोबरांत पुण्यावर चालून आले व २५ तारखेस हडपसरास त्यांनीं शिंदे-पेशव्यांच्या फौजेचा मोड केला. त्यांचें मागणें राज्य बुडविण्याचें नव्हतें. होळकरांची दौलत परत मिळावी आणि शिंद्यांच्या कैदेंतील पुतण्या सुटावा, हें त्यांचें म्हणणें होतें. आणि जय मिळाल्यावरही, पेशव्यांनीं परत यावें म्हणून त्यांनीं बोलावणीं धाडलीं. परंतु चाकराशीं समेट करणें हा धन्यास कमीपणा वाटला, आणि त्या चाकराच्या पुढ्यांत उभें राहण्याचें धैर्यही नव्हतें. बाजीराव कोंकणांत उतरले आणि वसईस ३१ डिसेंबर १८०२ रोजीं त्यांनीं इंग्रजांशीं तह केला. सहा हजार पायदळ इंग्रजांनीं द्यावें, त्याच्या खर्चासाठीं सव्वीस लक्षांचा मुलूख पेशव्यांनीं तोडून द्यावा, आणि इंग्रजांस विचारल्यावांचून इतरांशीं राजकारण करूं नये! आम्हां वकिलांच्या हातून अनेक दस्तऐवज जातात. इतक्या महाग पहाऱ्याचा करार क्वचितच पाहण्यांत येईल. आपल्या सरदारापुढें एक पाऊल मागें घेणें ज्यांस जमलें नाहीं, त्यांनीं परक्यापुढें सर्व स्वातंत्र्य ठेविलें.

१८०३ च्या मे महिन्यांत इंग्रजांच्या फौजेनें त्यांस पुण्यास आणून बसविलें. त्यानंतरचीं चौदा वर्षें पटवर्धनांसारख्या जुन्या घराण्यांशीं झगडण्यांत व त्रिंबकजी डेंगळ्यांच्या सल्ल्यांत गेलीं. १८१७ च्या नोव्हेंबरांत खडकीस लढाई जुंपली, तेव्हां बापू गोखले जिवावर उदार होऊन लढले. धनी पर्वतीवरून पाहत होते.

ढोकीहून पंढरपुराच्या वाटेस लागणाऱ्यास सोलापूर जिल्ह्यांतील आष्टी फार दूर नाहीं. १८१८ च्या फेब्रुवारींत तेथें इंग्रजांनीं गांठलें. बाजीराव घोड्यावर बसून निघून गेले. बापू गोखले मागें राहिले आणि रणांत पडले. छत्रपति प्रतापसिंह त्याच दिवशीं इंग्रजांच्या हातीं लागले. जूनच्या ३ तारखेस बाजीराव माल्कमसाहेबांच्या स्वाधीन झाले. वार्षिक आठ लक्षांचें वेतन ठरलें आणि गंगातीरीं ब्रह्मावर्तास त्यांचा मुक्काम पडला. तेथें स्नानसंध्या व दानधर्म करीत ते १८५१ च्या जानेवारीपर्यंत जगले. त्यांच्या मागें दत्तक पुत्र नानासाहेबांनीं तें वेतन मागितलें. कंपनी सरकारनें तें दिलें नाहीं.