भाऊराव पाटील

कर्मवीर भाऊराव पायगोंडा पाटील (जन्म : २२ सप्टेंबर १८८७, मृत्यू : ९ मे १९५९) हे महाराष्ट्रातील शिक्षणप्रसारक, सत्यशोधक चळवळीतील कार्यकर्ते आणि रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक होते. ग्रामीण भागातील गरीब व मागास जातींतील मुलांना शिक्षण मिळावे, यासाठी त्यांनी सर्व जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांची एकत्र वसतिगृहे काढली. विद्यार्थ्याने श्रम करून आपल्या शिक्षणाचा खर्च स्वतः उचलावा, ही 'कमवा व शिका' पद्धत त्यांनी प्रत्यक्ष चालवून दाखवली. शिक्षण वर्गात जितके घडते तितकेच ते वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात, शेतात आणि सहजीवनात घडते, हे त्यांच्या कार्याचे मुख्य सूत्र होते.

प्रारंभिक जीवन

भाऊरावांचा जन्म कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज या गावी एका जैन शेतकरी कुटुंबात झाला. त्यांच्या आईचे नाव गंगाबाई होते. कुटुंबाचे मूळ गाव सध्याच्या सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुक हे होय. अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना विहिरीवर पाणी भरू दिले जात नाही, हे पाहून लहानपणी त्यांनी विहिरीचा रहाट मोडून टाकला, अशी आठवण त्यांच्या चरित्रांत सांगितली जाते.

माध्यमिक शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलमध्ये दाखल झाले व जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले. अण्णासाहेब लठ्ठे हे त्या वेळी बोर्डिंगचे व्यवस्थापन पाहत असत. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास भाऊराव उपस्थित राहिले. परत आल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यामुळे त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. पुढे काही काळ राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने ते राजवाड्यावर राहिले. कोल्हापुरात महाराजांनी निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी उभी केलेली वसतिगृहे त्यांनी जवळून पाहिली. शिक्षणात त्यांना फारशी प्रगती करता आली नाही. मॅट्रिक न होताच त्यांनी शाळा सोडली.

उपजीविका आणि सार्वजनिक कार्याचा आरंभ

शाळा सोडल्यानंतर साताऱ्यात शिकवण्या घेऊन भाऊरावांनी उपजीविका केली. त्यामुळे ते पाटील मास्तर या नावाने ओळखले जाऊ लागले. १९१४ मध्ये कोल्हापुरात पुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण घडले. त्यात लठ्ठे यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी, यासाठी भाऊरावांवर दबाव आणण्यात आला. ज्यांच्या निर्णयामुळे पूर्वी बोर्डिंग सोडावे लागले होते, त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष देण्याचे त्यांनी नाकारले व तुरुंगवास पत्करला. कोठडीत त्यांनी आत्महत्येचाही प्रयत्न केला होता.

सुटकेनंतर त्यांनी ओगले काच कारखान्याच्या कंदिलांची आणि किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरांची विक्री केली. या व्यवसायाच्या निमित्ताने ते खेडोपाडी हिंडले. शेतकऱ्यांचे दारिद्र्य, कर्जबाजारीपणा आणि त्यामागील निरक्षरता त्यांना जवळून पाहता आली. महात्मा जोतीराव फुले यांच्या विचारांचा त्यांच्यावर खोल प्रभाव होता व सत्यशोधक समाजाच्या सभांतून ते बोलत असत. गावात शाळा असली तरी गरिबाचे मूल तिथे टिकत नाही, आणि पुढील शिक्षणासाठी शहरात त्याला राहण्या-जेवण्याची सोय नसते, हा अनुभव त्यांच्या पुढील कार्याचा पाया ठरला.

रयत शिक्षण संस्था

कऱ्हाड तालुक्यातील काले येथे सत्यशोधक समाजाच्या परिषदेच्या वेळी, ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या दिवशी भाऊरावांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. आरंभीचे काम वसतिगृहापासून सुरू झाले. १९२४ मध्ये संस्थेचे मुख्यालय साताऱ्यास आले व तेथे मोठे वसतिगृह उघडण्यात आले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे नामकरण श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे झाले. पुणे करारानंतर १९३२ मध्ये पुण्यात युनियन बोर्डिंग हाऊस सुरू करण्यात आले. संस्थेचे बोधचिन्ह वटवृक्ष असून स्वावलंबी शिक्षण हे तिचे ब्रीद आहे.

वसतिगृहातील जीवन

शाहू बोर्डिंगमध्ये मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन अशा निरनिराळ्या समाजांची मुले एका छपराखाली राहत व एका पंक्तीत जेवत. गावातील पाणवठेही जातीनुसार वेगळे असण्याच्या त्या काळात ही गोष्ट अनेकांना मान्य नव्हती. तरी भाऊरावांनी जातवार वसतिगृहांचा मार्ग स्वीकारला नाही. स्वयंपाक, दळण, पाणी भरणे, झाडलोट, भाजीपाला पिकवणे ही कामे विद्यार्थी पाळीपाळीने करत. त्यामुळे खर्च वाचत असे. शिवाय कोणतेही काम अमुक जातीचे नाही, हा धडा उपदेशाविनाच मिळत असे.

पैसा देऊ न शकणाऱ्या पालकांकडून धान्य स्वीकारले जाई. घरोघरी मूठभर धान्य बाजूला काढून ते वसतिगृहाला देण्याची मुष्टी फंडाची पद्धतही रूढ करण्यात आली. यातून गावालाही शाळा आपली वाटू लागली.

वसतिगृहाचा भार मोठ्या प्रमाणावर भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी उचलला. सनातनी वळणाच्या घरात वाढलेल्या लक्ष्मीबाईंनी सर्व जातींच्या मुलांना स्वतःच्या मुलांप्रमाणे सांभाळले. धान्य संपले तेव्हा त्यांनी आपले दागिने व अखेरीस मंगळसूत्रही दिले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. या वसतिगृहात राहून शिकलेल्या विद्यार्थ्यांपैकी बॅरिस्टर पी. जी. पाटील हे पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

शाळा, अध्यापक विद्यालये व 'कमवा व शिका'

खेड्यातील शाळांसाठी खेड्यातील जीवन जाणणारे शिक्षक हवेत, या विचाराने १९३५ मध्ये साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज सुरू झाले. स्त्रियांसाठी जिजामाता अध्यापिका विद्यालय काढण्यात आले. शाळा नसलेल्या गावांत संस्थेने शेकडो स्वयंसेवी प्राथमिक शाळा चालवल्या. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल हे विनाशुल्क निवासी विद्यालय स्थापन झाले. येथे विद्यार्थी शेती व इतर श्रम करून आपला खर्च भागवत. जून १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू करून हीच पद्धत भाऊरावांनी महाविद्यालयीन शिक्षणातही आणली.

या पद्धतीत श्रम ही गरिबाला दिलेली शिक्षा किंवा दानाची परतफेड नव्हती. विद्यार्थ्याला फुकट मदत दिल्यास त्याचा स्वाभिमान खचतो, तर कामाचा मोबदला मिळाल्यास तो ताठ मानेने शिकतो, अशी भाऊरावांची धारणा होती. पडीक जमीन लागवडीखाली आणणे, रस्ते करणे, इमारतींच्या बांधकामाला हात लावणे या कामांतून संस्थेची मालमत्ताही उभी राहिली.

अनुदानाचा प्रश्न

महात्मा गांधींच्या हत्येनंतरच्या काळात, १९४८ मध्ये, मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान बंद केले. शेकडो शिक्षकांचे पगार आणि हजारो मुलांचे शिक्षण धोक्यात आले. लोकवर्गणी, शिक्षकांचा त्याग आणि विद्यार्थ्यांचे श्रम यांच्या बळावर संस्था टिकून राहिली. संत गाडगे महाराजांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे शब्द टाकला, असे सांगितले जाते. पुढे अनुदान पुन्हा सुरू झाले. १९५४ मध्ये कऱ्हाड येथे सुरू झालेल्या महाविद्यालयाला भाऊरावांनी स्वतःचे नाव न देता सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव दिले.

सन्मान व मृत्यू

१९५९ मध्ये भारत सरकारने भाऊरावांना पद्मभूषण हा सन्मान दिला, तर पुणे विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डी.लिट. पदवी प्रदान केली. त्याच वर्षी ९ मे रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांची समाधी साताऱ्यात आहे. त्यांच्या निधनाच्या वेळी संस्थेची शंभरहून अधिक माध्यमिक विद्यालये आणि तीन महाविद्यालये कार्यरत होती. भारतीय टपाल खात्याने १९८८ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

पुणे व पिंपरी-चिंचवड परिसरातील वारसा

भाऊरावांचे कार्य प्रामुख्याने सातारा जिल्ह्यातील खेड्यांत उभे राहिले. तथापि त्यांची पद्धत पुढे औद्योगिक नगरांतही पोहोचली. पवना नदीकाठच्या पिंपळे सौदागरच्या आसपास, पिंपरी येथील महात्मा फुले महाविद्यालय आणि औंध येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाविद्यालय ही रयत शिक्षण संस्थेची महाविद्यालये आहेत. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत रोजगारासाठी राज्याच्या अनेक जिल्ह्यांतून कुटुंबे आली. अशा कामगार कुटुंबांतील मुलांपुढे शिक्षण चालू ठेवताना खर्चाचा तोच जुना प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहिला.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे विद्यार्थी विकास मंडळ संलग्न महाविद्यालयांसाठी 'कर्मवीर भाऊराव पाटील कमवा व शिका' योजना राबवते. तीत गरजू विद्यार्थी ग्रंथालय, कार्यालय, प्रयोगशाळा, बाग इत्यादी ठिकाणी काम करून मानधन मिळवतात. नांगर व कुदळीच्या जागी ग्रंथालयातील नोंदवही आली असली, तरी कामाच्या मोबदल्यावर शिक्षण पूर्ण करण्याचे तत्त्व मात्र शाहू बोर्डिंगमधीलच आहे.