जेथ्रो टल : ऑर्गन उघडून पाहण्याच्या छंदातून घडले पेरणी यंत्र

तुमच्या पेरणी यंत्राच्या बियाणे पेटीखाली खाचा असलेला रोलर किंवा चकती असते. चाक फिरले की ती फिरते, प्रत्येक खाचेत ठराविक बी बसते आणि नळीतून खाली सरीत पडते. सुमारे ३०० वर्षांपूर्वी हीच रचना इंग्लंडमधील एका माणसाने घरच्या घरी जुळवली. त्याचे नाव जेथ्रो टल. तो ना लोहार होता, ना सुतार. शिक्षणाने वकील होता आणि वाद्ये उघडून पाहण्याचा त्याला नाद होता.

वकिलीकडून शेतीकडे

टल यांचा जन्म १६७४ मध्ये इंग्लंडच्या बर्कशायर परगण्यातील बेसिल्डन येथे झाला. ऑक्सफर्डमध्ये काही काळ शिकल्यावर लंडनमध्ये त्यांनी कायद्याचा अभ्यास केला आणि १६९९ मध्ये बॅरिस्टर झाले. प्रकृती मात्र कायम नाजूक, छातीचा विकार जडलेला. त्यामुळे वकिलीऐवजी ते ऑक्सफर्डशायरमधील हॉबरी येथे वडिलोपार्जित शेती पाहू लागले.

त्या काळी तिथे बी मुठीने फोकून पेरत. काही बी खोल जाई, काही उघडे राहून पाखरांच्या पोटात जाई. कुठे दाटी, तर कुठे मोकळी जागा. ओळी नसल्यामुळे कोळपणीचा प्रश्नच नव्हता.

मजुरांचा नकार आणि यंत्राचा जन्म

टल यांना सेनफॉइन हे द्विदल चारापीक घ्यायचे होते. बी महाग होते आणि उगवण बेभरवशाची. त्यांनी शेतात बारकाईने पाहिले, तेव्हा योग्य खोलीवर विरळ पडलेल्या बियांची झाडे जोमदार असल्याचे दिसले. मग त्यांनी मजुरांकडून सऱ्या पाडून हाताने विरळ पेरणी करून घेतली. पीक चांगले आले. पुढे मात्र मजूर तसे काम करायला तयार होईनात. तेव्हा टल यांनी हे काम यंत्राकडून करून घ्यायचे ठरवले.

तरुणपणी त्यांनी ऑर्गन हे वाद्य खोलून त्याची आतली रचना समजून घेतली होती. आपल्या पेटीची पट्टी दाबली की झडप उघडते आणि स्प्रिंगमुळे पुन्हा बसते, हे तुम्ही पाहिले असेल. ऑर्गनमधील खाच, जीभ आणि स्प्रिंग यांची जुळणी टल यांना आठवली. त्यांनी चाकाबरोबर फिरणाऱ्या दांड्यावर खाचा पाडल्या आणि जास्तीचे बी अडवायला स्प्रिंगवरची जीभ बसवली. पुढे सरी पाडणारे फण आणि मागे बी झाकणारे दाताळे जोडले. १७०१ च्या सुमारास हे यंत्र उभे राहिले. युरोपात आधीही काहींनी असे प्रयत्न केले होते. टल यांनी मात्र ते स्वतःच्या शेतात चालवून, सुधारत नेले.

आपली पाभर आणि टल यांचे यंत्र

ओळीत पेरणी आपल्याकडे नवी नव्हती. पाभर आणि तिफण पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. १८ व्या शतकाच्या अखेरीस इंग्रज अधिकाऱ्यांनीही भारतातील अशा अवजारांची कौतुकाने नोंद केली. फरक बी मोजण्यात आहे. तिफणीत चाड्यावर मूठ धरणाऱ्या व्यक्तीच्या, बहुतेक वेळा घरातील बाईच्या, हातावर बियाण्याचे प्रमाण ठरते. टल यांच्या यंत्रात ते चाक ठरवते.

कोळपणी बरोबर, सिद्धांत चुकीचा

१७११ मध्ये प्रकृतीसाठी टल फ्रान्स आणि इटलीकडे गेले. दक्षिण फ्रान्समध्ये त्यांनी द्राक्षवेलींच्या ओळींमधील जमीन सतत भुसभुशीत ठेवलेली पाहिली. बर्कशायरमधील प्रॉस्परस फार्मवर परतल्यावर त्यांनी पिकाच्या ओळींत घोड्याने ओढायचे कोळपे चालवले. तण गेले, जमीन मोकळी झाली, पीक सुधारले. १७३१ मध्ये त्यांनी या पद्धतीवरचे आपले लेखन प्रसिद्ध करायला सुरुवात केली.

इथेच त्यांचा अंदाज चुकला. मुळे मातीचे बारीक कण खातात, म्हणून जमीन बारीक केली की पुरे, शेणखताची गरज नाही, असे त्यांनी मांडले. शेणखतातून तणाचे बी येते, हा त्यांचा आक्षेप खरा होता; कच्च्या खताबाबत तो आजही लागू आहे. खताशिवाय एकाच शेतात सलग १३ वर्षे गहू घेतल्याचे ते सांगत. हे कसे शक्य झाले? मशागतीने हवा खेळते, जुना सेंद्रिय पदार्थ वेगाने कुजतो आणि त्यातील नत्र पिकाला मिळते. म्हणजे पीक जमिनीतील ठेव मोडून खात असते. आपल्या उष्ण हवामानात ही ठेव आणखी लवकर संपते.

टल यांचा मृत्यू १७४१ मध्ये झाला. यंत्राचा खरा प्रसार त्यानंतर कित्येक दशकांनी झाला.

तुम्ही काय घ्यावे?

गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात बनवलेले किंवा घरी जुळवलेले अवजार जरूर वापरा. मात्र पेरणीपूर्वी त्याचे मोजमाप करा.

• समजा, चाकाचा व्यास ६० सें.मी. आहे. एका फेऱ्यात ते सुमारे १.८८ मीटर चालते.
• ४५ सें.मी. अंतराचे ३ फण असतील, तर पेरणीची रुंदी १.३५ मीटर.
• २० फेऱ्यांत सुमारे ५१ चौ. मीटर क्षेत्र होते.
• सोयाबीनसाठी हेक्टरी ६५ किलो बियाणे धरल्यास एवढ्या क्षेत्रात सुमारे ३३० ग्रॅम, म्हणजे प्रत्येक नळीतून ११० ग्रॅम बी पडायला हवे.

यंत्र टेकूवर उचलून चाक २० वेळा फिरवा, नळ्यांखाली पिशव्या बांधा आणि बी वजन करा. कमी-जास्त असेल तर खाच किंवा झडप बदला. कोळपणी वेळेवर करा. पण ती खताला पर्याय समजू नका. चांगले कुजलेले शेणखत द्या आणि दर २-३ वर्षांनी माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब तपासा. टल यांचे यंत्र शेतात वर्षानुवर्षे पारखले गेले, म्हणून टिकले. तुमच्या अवजाराचीही पारख शेतातच होऊ द्या.