विल्हेल्म मायबाख

विल्हेल्म मायबाख (९ फेब्रुवारी १८४६ – २९ डिसेंबर १९२९) हे जर्मन अभियंते व आद्य मोटारनिर्मात्यांपैकी एक होते. गोटलीब डाइमलर यांचे दीर्घकाळचे सहकारी म्हणून त्यांनी वेगवान पेट्रोल इंजिन, फवारा पद्धतीचा कार्ब्युरेटर, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर आणि पहिली मर्सिडीज मोटार यांची रचना केली. इंजिनात निर्माण होणारी उष्णता थोड्या पाण्याच्या साहाय्याने बाहेर कशी टाकावी, हा आरंभीच्या मोटारींपुढील मोठा प्रश्न मायबाख यांच्या रेडिएटरमुळे सुटला. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाच्या मोटारीतील हीटरही त्याच तत्त्वावर चालतो.

== प्रारंभिक जीवन ==

मायबाख यांचा जन्म वुर्टेम्बर्ग राज्यातील हाइलब्रॉन येथे एका सुताराच्या कुटुंबात झाला. पाच भावांपैकी ते एक होते. पुढे हे कुटुंब श्टुटगार्टला गेले. वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत त्यांचे आई-वडील दोघेही निवर्तले. तेव्हा नातेवाइकांनी वृत्तपत्रातून मदतीचे आवाहन केले आणि गुस्टाफ वेर्नर या धर्मोपदेशकांनी रॉयटलिंगेन येथील आपल्या अनाथाश्रमात या मुलाला आश्रय दिला. या संस्थेचा स्वतःचा यंत्रकारखाना होता. तेथेच उमेदवारी करत असताना मायबाख यांनी यांत्रिक आरेखनाचे शिक्षण घेतले. संध्याकाळी ते गणित व भाषांच्या वर्गांना जात असत.

इ.स. १८६३ मध्ये या कारखान्याची व्यवस्था गोटलीब डाइमलर यांच्याकडे आली. आपल्यापेक्षा बारा वर्षांनी लहान असलेल्या या आरेखकाचे कौशल्य त्यांनी ओळखले. तेव्हापासून इ.स. १९०० मध्ये डाइमलर यांचे निधन होईपर्यंत या दोघांची साथ, थोडा काळ वगळता, टिकून राहिली.

== कारकीर्द ==

=== डॉइट्झ येथील वर्षे ===

इ.स. १८६९ मध्ये मायबाख डाइमलर यांच्या मागोमाग कार्ल्सरूहला गेले. इ.स. १८७२ मध्ये दोघेही कोलोनजवळील डॉइट्झ येथील गॅस-इंजिनांच्या कारखान्यात दाखल झाले व लवकरच मायबाख तेथील आरेखन विभागाचे प्रमुख झाले. निकोलाउस ओटो यांनी इ.स. १८७६ मध्ये सिद्ध केलेले चार धावांचे इंजिन बाजारात विकण्याजोगे करण्यात त्यांचा वाटा होता. इ.स. १८७८ मध्ये त्यांचा बेर्टा हाबरमास यांच्याशी विवाह झाला. त्यांचा मुलगा कार्ल इ.स. १८७९ मध्ये जन्मला.

=== कानश्टाट येथील प्रयोग ===

ओटो यांच्याशी मतभेद झाल्याने डाइमलर यांनी डॉइट्झ सोडले आणि इ.स. १८८२ मध्ये श्टुटगार्टजवळील कानश्टाट येथे घर घेतले. मायबाखही सहकुटुंब तेथे आले. घराच्या बागेतील काचगृहात दोघांनी आपली कार्यशाळा थाटली. तेथून सतत येणाऱ्या आवाजांमुळे माळ्याला बनावट नाणी पाडली जात असल्याचा संशय आला व त्याच्या तक्रारीवरून पोलिसांनी झडती घेतली, परंतु त्यांना केवळ इंजिने सापडली, अशी हकिगत प्रसिद्ध आहे.

तत्कालीन गॅस-इंजिने जड होती व मिनिटाला १८० फेऱ्यांच्या पुढे सहसा जात नसत. मायबाख यांनी रचलेले लहान इंजिन सुमारे ६०० फेऱ्या करू लागले. त्याची उभी सुधारित आवृत्ती लंबकाच्या घड्याळासारखी दिसत असल्याने त्याच नावाने ओळखली जाई. इ.स. १८८५ मध्ये ते इंजिन लाकडी दुचाकीला आणि इ.स. १८८६ मध्ये चारचाकी बग्गीला बसवण्यात आले.

इंजिनाचा वेग व शक्ती वाढली, तशी त्यातून बाहेर टाकावी लागणारी उष्णताही वाढली. लहान इंजिनाला भोवतालची हवा पुरत असे. मोठ्या इंजिनाला मात्र पाण्याची गरज भासू लागली. इ.स. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात मांडलेल्या पोलादी चाकांच्या मोटारीत मायबाख यांनी सांगाड्याच्या पोकळ नळ्यांतूनच थंड करणारे पाणी खेळवले. या युक्तीमुळे वजन वाचले, तरी अधिक शक्तीच्या इंजिनांसाठी ती अपुरी होती.

=== डाइमलर कंपनीतून निर्गमन व पुनरागमन ===

भांडवलदारांच्या साहाय्याने इ.स. १८९० मध्ये डाइमलर कंपनी स्थापन झाली, परंतु नव्या संचालकांशी न पटल्याने मायबाख इ.स. १८९१ मध्ये बाहेर पडले. डाइमलर यांच्या पाठिंब्याने कानश्टाटमधील हॉटेल हेर्मानच्या जागेत त्यांनी काम चालू ठेवले. फिनिक्स इंजिन व फवारा पद्धतीचा कार्ब्युरेटर ही या काळातील निर्मिती होय. या कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल बारीक तोटीतून हवेच्या प्रवाहात फवारले जाई, त्यामुळे हवा व इंधन यांचे मिश्रण स्थिर राही. फ्रेडरिक सिम्स या इंग्रज उद्योजकाने इंजिनांचे हक्क घेताना डाइमलर यांना परत घेण्याची अट घातली. त्यानुसार इ.स. १८९५ मध्ये डाइमलर व मायबाख कंपनीत परतले आणि मायबाख तांत्रिक संचालक झाले.

=== रेडिएटर आणि पहिली मर्सिडीज ===

त्या काळच्या अनेक मोटारींत पाणी तापून वाफेच्या रूपाने उडून जाई व वाटेत वारंवार पाणी भरावे लागे. अधिक पाणी बाळगावे तर मोटार जड होई. हवा व पाणी यांच्यामधील धातूचा पृष्ठभाग वाढवणे हे मायबाख यांचे उत्तर होते. इ.स. १८९७ मध्ये त्यांनी नळ्यांचा रेडिएटर तयार केला. त्यातील नळ्यांतून हवा जाई व नळ्यांभोवती पाणी फिरे.

इ.स. १९०० मध्ये या कल्पनेला पूर्णत्व आले. नव्या रेडिएटरमध्ये प्रत्येकी सहा मिलिमीटर बाजूच्या ८,०७० चौकोनी नळ्या एकत्र जोडल्या होत्या. त्यामुळे त्याचा दर्शनी भाग मधमाश्यांच्या पोळ्यासारखा दिसे. मोटार सावकाश चालत असतानाही हवा खेळती राहावी म्हणून मागे पंखा बसवला होता. पाण्याची गरज जवळपास निम्म्यावर, म्हणजे नऊ लिटरवर आली.

हा रेडिएटर एमिल येलिनेक या व्यापाऱ्याच्या मागणीवरून बनवलेल्या ३५ अश्वशक्तीच्या मोटारीत प्रथम बसवण्यात आला. येलिनेक यांच्या मुलीच्या नावावरून तिला मर्सिडीज हे नाव मिळाले. मार्च १९०१ मधील नीस येथील शर्यतींत या मोटारीने इतरांवर निर्विवाद मात केली. लांब चाकतळ, खाली आणलेला गुरुत्वमध्य, दाबून घडवलेला पोलादी सांगाडा आणि पुढे रेडिएटर या तिच्या रचनेने मोटार ही घोड्याविना धावणारी बग्गी राहिली नाही. फ्रान्समध्ये मायबाख यांना रचनाकारांचा राजा म्हटले जाऊ लागले.

== अखेरची वर्षे ==

कंपनीत मात्र त्यांचे स्थान खालावत गेले. आरंभीची अनेक पेटंटे डाइमलर यांच्या नावावर असल्याने मायबाख यांचा वाटा कागदोपत्री फारसा दिसत नसे. डाइमलर यांच्या निधनानंतर त्यांची बाजू घेणारेही कोणी उरले नाही. इ.स. १९०७ मध्ये त्यांनी कंपनी सोडली. इ.स. १९०९ मध्ये काउंट झेपेलिन यांच्या सहकार्याने हवाई जहाजांची इंजिने बनवणारा कारखाना स्थापन झाला. त्याचे तांत्रिक नेतृत्व कार्ल मायबाख यांच्याकडे होते. पुढे या कारखान्याने मायबाख नावाच्या आलिशान मोटारीही बनवल्या.

इ.स. १९१६ मध्ये श्टुटगार्टच्या तंत्रविद्यापीठाने विल्हेल्म मायबाख यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. वयाच्या ८३ व्या वर्षी श्टुटगार्ट येथे त्यांचे निधन झाले. डाइमलर यांच्याप्रमाणे त्यांचेही दफन कानश्टाट येथील उफ-किर्शहोफ दफनभूमीत करण्यात आले.

== तांत्रिक वारसा ==

पहिली मर्सिडीज उघडी मोटार होती व तीत हीटर नव्हता. पुढील दशकांत बंद मोटारी रूढ झाल्यावर इंजिनाची वाया जाणारी उष्णता प्रवाशांसाठी वापरण्यात येऊ लागली. या रचनेत इंजिनातील गरम पाण्याचा काही भाग दोन रबरी नळ्यांवाटे डॅशबोर्डमागील छोट्या रेडिएटरमधून फिरवला जातो व पंखा त्यातून हवा आत ढकलतो. हे पाणी थंड प्रदेशांत गोठणरोधक द्रव मिसळलेले असते.

त्यामुळे जुन्या मोटारीचा हीटर थंड हवा देऊ लागला, तर दोषाचा शोध उष्णतेच्या याच मार्गावर घेतला जातो. प्रथम इंजिन पूर्ण थंड असताना पाण्याची पातळी पाहतात, कारण तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडल्यास उकळते पाणी दाबाने अंगावर उडते. पातळी कमी झाल्यास अनेकदा हीटरमध्ये हवा अडकते व डॅशबोर्डमागे खळखळ ऐकू येते. पातळी योग्य असूनही तापमानदर्शक काटा वर चढत नसेल, तर पाण्याचा प्रवाह नियंत्रित करणारा थर्मोस्टॅट उघडा अडकल्याचा संभव असतो.

इंजिन तापल्यावर हीटरच्या दोन्ही नळ्यांची तुलना उपयोगी ठरते. दोन्ही गरम असतील, तर पाणी नीट फिरत असते आणि दोष बहुधा हवेच्या बाजूला, म्हणजे पंख्यात, हवेची दिशा बदलणाऱ्या झडपेत किंवा तिच्या केबलमध्ये असतो. एक गरम व दुसरी थंड असल्यास छोटा रेडिएटर गाळाने तुंबलेला, त्यात हवा अडकलेली किंवा पाण्याची झडप बंद असू शकते. गालिचा ओला होणे, काचेवर चिकट वाफ धरणे व गोडसर वास येणे ही हीटरच्या रेडिएटरला गळती लागल्याची लक्षणे होत.

चढणीवर इंजिन प्रमाणाबाहेर तापू लागल्यास अनुभवी चालक हीटर पूर्ण उघडतात. अशा वेळी डॅशबोर्डमागील छोटा रेडिएटर पुढच्या मोठ्या रेडिएटरच्या मदतीला येतो. हवा व पाणी यांच्यामधील धातूचा पृष्ठभाग वाढवण्याचे मायबाख यांचे तत्त्व या दोन्हींत समान आहे.