संत थॉमस मोर : कुटुंबवत्सल रक्तसाक्षी

दरवर्षी २२ जून रोजी ख्रिस्तसभा संत जॉन फिशर आणि संत थॉमस मोर ह्या दोन इंग्लिश रक्तसाक्ष्यांचे स्मरण करते. फिशर बिशप होते. मोर मात्र आपल्यासारखेच प्रापंचिक होते. त्यांना पत्नी होती, मुले होती, जावई होते, कोर्टकचेरी होती. संतांची चरित्रे वाचताना आपण पुष्कळदा मनाशी म्हणतो, की ह्यांच्यामागे संसार नव्हता म्हणून ह्यांना ते जमले. थॉमस मोर ह्यांच्या बाबतीत आपल्याला ही पळवाट मिळत नाही. म्हणून आज आपण त्यांची ओळख त्यांच्या घरातून करून घेऊ या.

थॉमस ह्यांचा जन्म १४७८ च्या सुमारास लंडनमध्ये झाला. वडील जॉन मोर वकील होते, पुढे ते न्यायाधीश झाले. लहानपणी थॉमस कँटरबरीचे आर्चबिशप मॉर्टन ह्यांच्या वाड्यात राहिले. मग ऑक्सफर्डला शिकले आणि वडिलांच्या इच्छेप्रमाणे वकील झाले. तरुणपणी त्यांना संन्यस्त जीवनाची ओढ होती. सुमारे चार वर्षे ते लंडनच्या कार्थुसियन मठाच्या सान्निध्यात राहिले. अखेर त्यांनी संसाराचा मार्ग निवडला, पण प्रार्थना व उपवास सोडले नाहीत. उंची पोशाखाच्या आत ते अंगाला बोचणारे केसांचे खरखरीत वस्त्र घालीत. पुढे ते वस्त्र गुपचूप धुऊन देण्याचे काम त्यांची थोरली मुलगी मार्गारेट करीत असे.

१५०५ साली त्यांनी एसेक्समधील जमीनदार घराण्यातील जेन कोल्ट हिच्याशी विवाह केला. मार्गारेट, एलिझाबेथ, सिसिली आणि जॉन अशी चार मुले झाली. १५११ साली जेन वारली. पोरक्या मुलांना आई हवी म्हणून थॉमस ह्यांनी लवकरच अ‍ॅलिस नावाच्या विधवेशी लग्न केले. अ‍ॅलिसबाई तोंडाने फटकळ, पण घर सांभाळण्यात हुशार होत्या. मुलींना शिकवून काय करायचे असे म्हणण्याचा तो काळ होता. मोर ह्यांनी मात्र मुलींना मुलाच्या बरोबरीने लॅटिन व ग्रीक शिकवले. मार्गारेटने तर विशीच्या उंबरठ्यावर असतानाच, प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेवरील इरॅस्मस ह्यांच्या लॅटिन पुस्तकाचे इंग्लिश भाषांतर केले.

थेम्स नदीकाठी चेल्सी येथे मोर ह्यांनी मोठे घर बांधले. तेथे सारे कुटुंब एकत्र प्रार्थना करी. राजा आठवा हेन्री तेथे न कळवता येई. एकदा तो मोर ह्यांच्या गळ्यात हात टाकून बागेत तासभर फिरला. जावई विल्यम रोपर हरखून गेला. मोर ह्यांनी त्याला शांतपणे समजावले, की आपले डोके देऊन फ्रान्समधला एखादा किल्ला मिळणार असेल, तर राजा ते द्यायला मागेपुढे पाहणार नाही. राजदरबाराची मर्जी म्हणजे काय, हे ते पहिल्यापासून ओळखून होते.

१५२९ साली ते लॉर्ड चॅन्सलर, म्हणजे राज्याचे सर्वांत मोठे अधिकारी झाले. तरीही वेस्टमिन्स्टरच्या न्यायालयात वृद्ध वडील न्यायासनावर दिसले, की ते सर्वांसमक्ष गुडघे टेकून त्यांचा आशीर्वाद घेत.

ह्याच काळातील एक गोष्ट आम्ही झाकून ठेवू इच्छित नाही. मोर ह्यांच्या कारकिर्दीत पाखंडाच्या आरोपावरून सहा जणांना जिवंत जाळण्यात आले आणि मोर ह्यांचा त्या शिक्षेला पाठिंबा होता. पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनीही पुढे मान्य केले, की ह्या बाबतीत मोर आपल्या काळाच्या मर्यादा ओलांडू शकले नाहीत. संतही घडत घडतच संत होतात.

दरम्यान राजाला राणी कॅथरिनशी झालेला विवाह रद्द ठरवून अ‍ॅन बोलीनशी लग्न करायचे होते. पोप संमती देईनात, तेव्हा त्याने इंग्लंडची ख्रिस्तसभाच स्वतःच्या हाताखाली आणण्यास सुरुवात केली. मे १५३२ मध्ये धर्मगुरुवर्ग राजाला शरण गेला आणि दुसऱ्याच दिवशी मोर ह्यांनी पदाचा राजीनामा दिला. घरातली मिळकत एकदम आटली. त्यांनी सगळ्यांना जवळ बसवून खर्च कसा कमी करायचा हे सांगितले. नोकरांना दुसरीकडे कामे पाहून दिली. १५३३ साली अ‍ॅनच्या राज्याभिषेकासाठी नवा पोशाख घ्यावा म्हणून तीन बिशपांनी त्यांना २० पौंड पाठवले. मोर ह्यांनी पैसे ठेवून घेतले, पण समारंभाला गेले नाहीत. राजा हे विसरला नाही.

१५३४ साली नव्या वारसा कायद्याची शपथ प्रत्येकाने घ्यावी असा हुकूम निघाला. तिच्यात पोपचा अधिकार नाकारलेला होता. १३ एप्रिल रोजी मोर ह्यांना लॅम्बेथला बोलावणे आले. एरवी घरची मंडळी त्यांना नदीच्या धक्क्यापर्यंत पोचवायला येत. त्या दिवशी त्यांनी कुणालाही येऊ दिले नाही. फाटक मागे लावून घेतले आणि ते नावेत बसले. त्यांनी शपथ नाकारली आणि चार दिवसांनी त्यांना टॉवरच्या तुरुंगात टाकण्यात आले.

त्यांची खरी कसोटी राजाने नव्हे, तर प्रेमाच्या माणसांनी घेतली असे आम्हांला वाटते. घरातल्या इतरांनी शपथ घेतली होती. मार्गारेटनेही, देवाच्या कायद्यात बसेल तेवढीच, अशी अट घालून ती घेतली. अ‍ॅलिसबाई तुरुंगात येऊन रागावल्या, की चांगले घरदार सोडून ह्या उंदरांच्या कोठडीत काय बसलात! नवऱ्याच्या तुरुंगातील जेवणखाण्यासाठी त्यांना स्वतःचे कपडे विकावे लागले. लाडक्या मार्गारेटनेही वडिलांची मनधरणी केली. तेव्हा त्यांनी हसून तिला एवाची उपमा दिली. त्यांनी कुणालाही दोष दिला नाही. इतरांच्या सद्सद्विवेकबुद्धीचा न्याय आपण करणार नाही, पण आपली मात्र कुणासाठी मोडणार नाही, एवढेच ते सांगत राहिले.

२२ जून १५३५ रोजी बिशप फिशर ह्यांचा शिरच्छेद झाला. १ जुलै रोजी रिचर्ड रिच ह्याच्या साक्षीवरून मोर ह्यांना राजद्रोही ठरवण्यात आले. टॉवरकडे परत नेताना मार्गारेट पहारेकऱ्यांच्या गर्दीतून घुसून त्यांच्या गळ्यात पडली. निघाली, पुन्हा मागे वळली आणि पुन्हा बिलगली. ५ जुलै रोजी त्यांनी कोळशाने तिला शेवटचे पत्र लिहिले आणि ते खरखरीत वस्त्रही तिच्याकडे पाठवून दिले. ६ जुलैला त्यांचा शिरच्छेद झाला. लंडन पुलावर टांगलेले त्यांचे शिर मार्गारेटने मिळवले आणि जपून ठेवले.

कुटुंबाची मालमत्ता जप्त झाली. सिसिलीचा नवरा जाइल्स हेरन ह्याला १५४० साली देहदंड झाला. ज्यांच्यासाठी हे सारे घडले तेही वाचले नाहीत. राणी अ‍ॅनचा १५३६ साली आणि राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल ह्याचा १५४० साली त्याच राजाच्या हुकमाने शिरच्छेद झाला.

इंग्लंडमधील कॅथलिकांना पुढेही दीर्घकाळ छळ सोसावा लागला. धर्मगुरू होण्यासाठी तरुणांना परदेश गाठावा लागे. त्यांतलेच एक १५७९ साली गोव्याला आले. ते म्हणजे आपल्याला 'क्रिस्तपुराण' देणारे फादर थॉमस स्टीफन्स.

पोप पायस अकरावे ह्यांनी १९३५ साली मोर ह्यांना संत म्हणून घोषित केले. २००० साली त्यांना राज्यकर्त्यांचे व राजकारण्यांचे आश्रयदाते ठरवण्यात आले. पण ते आपल्या घरांचेही आश्रयदाते आहेत. खोट्या कागदावर सही करण्याची वेळ आली, की बाहेरच्यांच्या धाकापेक्षा घरच्यांची काळजी आपल्याला अधिक वाकवते. सगळेच करतात, मुलांचा तरी विचार करा, हे शब्द मायेपोटीच येतात. अशा वेळी माणसांवरची माया न तोडता सत्याला धरून राहण्याचे बळ आपण ह्या संताच्या मध्यस्थीने मागू या.

संत थॉमस मोर, आमच्यासाठी विनंती करा.