वर्गांची बेरीज आणि यकृताचा अर्क

देवगडच्या खाडीत ओहोटीला पाण्याची खोली काही ठिकाणी शून्यावर येते. शून्याखाली मात्र ती जाऊच शकत नाही. गणितातही काही बहुपदी अशाच असतात. प्रत्येक किंमत घालून त्या तपासणे अशक्य. पण बहुपदी वर्गांच्या बेरजेत मांडता आली की शंका मिटते, कारण वर्ग कधीच ऋण नसतो. उदाहरणार्थ, क्ष² + २क्ष + २ म्हणजे (क्ष + १)² + १². ऋण न होणारी प्रत्येक बहुपदी अशी मांडता येते का? या प्रश्नाने जर्मन गणितज्ञ डेव्हिड हिल्बर्ट यांची अनेक वर्षे सोबत केली.

हिल्बर्ट यांचा जन्म १८६२ चा. १८८५ मध्ये क्योनिग्सबर्ग विद्यापीठात मित्र हर्मान मिन्कोव्स्की यांच्या डॉक्टरेटच्या तोंडी परीक्षेत ते आक्षेपक होते. अशी मांडणी नेहमी जमणार नाही, हे मित्राचे म्हणणे त्यांना पटले आणि १८८८ मध्ये त्यांनी ते सिद्धही केले. मग भागाकाराची मुभा दिली तर? १९०० च्या पॅरिस परिषदेनिमित्त केलेल्या २३ प्रश्नांच्या यादीत हा त्यांचा १७ वा प्रश्न ठरला.

१९०९ मध्ये अपेंडिक्स फुटून मिन्कोव्स्की गेले. वय अवघे ४४. १९२५ मध्ये हिल्बर्ट यांना पर्निशियस ॲनिमियाचे निदान झाले. या आजारात जठरातील एका प्रथिनाअभावी बी १२ जीवनसत्त्व शोषले जात नाही आणि रक्त घटत जाते. तेव्हा हे निदान म्हणजे मृत्यूची चाहूलच होती. पण १९२६ मध्ये बोस्टनच्या जॉर्ज मिनो आणि विल्यम मर्फी यांनी दाखवून दिले की, भरपूर यकृत खाऊ घातल्यास असे रुग्ण सुधारतात. मित्रांच्या खटपटीने यकृताचा अर्क अमेरिकेहून गॉटिंगेनला पोहोचला आणि हिल्बर्ट सावरले.

१९२७ मध्ये एमिल आर्टिन यांची सिद्धता प्रसिद्ध झाली: भागाकाराची मुभा असेल, तर मांडणी नेहमी जमते. मित्राला न लाभलेले उत्तर हिल्बर्ट यांना पाहायला मिळाले. ज्या फलांची पदे संपतच नाहीत, त्यांच्याबाबत हा प्रश्न आजही पूर्ण सुटलेला नाही.

१९३३ नंतर नाझींनी ज्यू सहकाऱ्यांना हाकलले, गॉटिंगेन ओस पडले. १९४३ मध्ये हिल्बर्ट गेले, तेव्हा अंत्ययात्रेला मोजकीच माणसे होती.

आज या आजारावर बी १२ ची साधी इंजेक्शने पुरतात. दीर्घकाळ थकवा, जिभेची आग, पायांना मुंग्या असतील तर रक्त जरूर तपासून घ्यावे.