पिसू, प्लेग आणि हाफकिन

बैलाच्या अंगावरची गोचीड, तुरीवरची अळी, दगडाखालचा विंचू आणि नाल्यातला खेकडा ही आम्हा शेतकऱ्यांच्या मुलांची लहानपणापासूनची ओळखीची मंडळी. ही सारी एकाच कुळातली आहेत, हे मात्र मला शाळेत गेल्यावर कळले. या कुळाला संधिपाद म्हणतात. अंगावर कायटिनचे कठीण कवच, खंडाखंडांचे शरीर आणि सांध्यांचे पाय ही त्यांची खूण. वाढायचे असेल तर जुने कवच टाकून नवे धारण करावे लागते. सहा पायांचे कीटक. आठ पायांचे कोळी, विंचू, गोचिडी. कवचधारी खेकडे व झिंगे. आणि पुष्कळ पायांच्या गोमी व वाणी, असे त्यांचे चार मुख्य गट आहेत. माणसाला ठाऊक असलेल्या दर पाच प्राणिजातींपैकी जवळजवळ चार या कुळातल्या आहेत.

यांतल्याच एका बिनपंखी कीटकाने, पिसवेने, एके काळी महाराष्ट्र उजाड केला. माझी आजी सांगते, तिच्या आजीच्या काळी घरात उंदीर पडू लागले की गाव घरे सोडून रानात झोपड्या घालून राही. त्या प्लेगशी ज्यांनी झुंज दिली, त्या वाल्डेमार हाफकिन यांचे चरित्र मला फार मोलाचे वाटते.

हाफकिन यांचा जन्म १८६० साली ओडेसा शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. तेथील विद्यापीठात ते मेचनिकॉफ या थोर शास्त्रज्ञांच्या हाताखाली प्राणिशास्त्र शिकले. जुलमी राजवटीविरुद्धच्या विद्यार्थी चळवळीत पडल्यामुळे त्यांना तुरुंगवासही घडला. धर्म बदलला असता तर प्राध्यापकी मिळाली असती. त्यांनी तो बदलला नाही. पुढे ते देश सोडून पॅरिसला पाश्चर संस्थेत गेले. तेथे प्रथम मिळाले ते ग्रंथालयातले साहाय्यकाचे काम! त्यांनी ते कमी लेखले नाही. तेथेच त्यांनी पटकीवरची लस तयार केली आणि १८९२ साली प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. पुढच्याच वर्षी ते हिंदुस्थानात आले.

१८९६ साली मुंबईत मांडवी भागात प्लेग उद्भवला. हाफकिन मुंबईस आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत, मोजक्या मदतनिसांसह कामाला लागले. तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी तीही आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी मार्चमध्ये पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना मरण आले, हे आठवले म्हणजे त्या दिवसांची भीषणता कळते.

रोगाचे जंतू १८९४ सालीच सापडले होते. पण ते उंदरातून माणसात कसे येतात हे कोणालाच उमगले नव्हते. सरकार घरे झडत होते, सामान जाळत होते, आणि पिसू मात्र सुखरूप होती! १८९८ साली कराचीत सिमोंद या फ्रेंच डॉक्टरांनी पिसूकडे बोट दाखवले, तेव्हा पुष्कळांनी ते मानले नाही. पुढे हाफकिन यांनी परळला उभारलेल्या प्रयोगशाळेतच ते सिद्ध झाले. पिसवा पोहोचणार नाहीत अशा पिंजऱ्यातले प्राणी वाचत. ज्यांच्यापर्यंत पिसवा पोहोचत ते मरत. पिसवेच्या पोटात जंतू वाढून तिची अन्नवाट तुंबते. ती उपाशी राहते, पुनःपुन्हा चावते आणि ओढलेले रक्त जंतूंसह परत जखमेत सोडते. उंदीर मेला की ती माणसाकडे वळते. म्हणजे उंदीर पडताच गाव सोडणारी आमची अडाणी म्हातारी माणसे चुकत नव्हती!

पण हाफकिन यांच्या वाट्याला दुःख आले. १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल गावी लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. ठपका प्रयोगशाळेवर आला व त्यांना पदावरून दूर करण्यात आले. वास्तविक दोष त्या गावी बाटली उघडताना झाला होता. जमिनीवर पडलेला चिमटा शुद्ध न करताच वापरला गेला होता. रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू मांडली, तेव्हा १९०७ साली ते निर्दोष ठरले. मधली पाच वर्षे मात्र कोण परत देणार? तरीही ते याच देशात, कलकत्त्यास परतले आणि १९१४ साली निवृत्त झाले. १९२५ साली परळच्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. १९३० साली स्वित्झर्लंडमध्ये त्यांचा अंत झाला.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. मी कला शाखेची. प्रयोगशाळेशी माझा संबंध नाही. पण लहान काम कमी मानू नये, आणि दुसऱ्यावर प्रयोग करण्याआधी तो स्वतःवर करावा, हे शिकायला शाखा लागत नाही. मानोऱ्यापासून परळ दूर आहे. तरी गोठ्यात पिसू दिसली की मला हाफकिन आठवतात.