जमशेटजी टाटा आणि वर्धेचे खोरे

सातपुड्यात उगम पावणारी वर्धा नदी ज्या प्रदेशातून वाहते, तेथील काळी जमीन कापसासाठी फार पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. आगगाडी येण्यापूर्वी हा कापूस बैलांच्या पाठीवरून व गाड्यांतून दूरच्या पेठांस जाई. वाटेत कित्येक आठवडे लोटत. धुळीने व पावसाने माल नासे. १८६७ साली मुंबईची आगगाडी पुलगावाजवळ वर्धा नदी ओलांडून नागपुरास पोहोचली. पुढे दहाएक वर्षांत नदीच्या खोऱ्यातून वर्धा, हिंगणघाट व वरोरा यांना जोडणारा दुसरा लोहमार्ग झाला. वरोऱ्याचा दगडी कोळसा बाहेर आणणे, हा त्याचा मुख्य हेतू होता.

कापूस होता, कोळसा होता आणि आता आगगाडीही आली. तथापि येथला कापूस विलायतेस जाई आणि त्याचेच कापड होऊन येथे विकावयास येई. ही विसंगती ज्यांनी ओळखली, त्यांत जमशेटजी टाटा अग्रगण्य होते.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी नवसारी येथे झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिक्षण संपवून ते वडिलांच्या व्यापारात शिरले. गिरणीचा धंदा मुंबईतच करावा, असा त्या काळचा प्रघात होता. जमशेटजींनी मात्र नागपूर निवडले. कापसाची शेते जवळ, वरोऱ्याचा कोळसा जवळ आणि मालाची ने-आण करण्यास लोहमार्ग तयार, हा त्यांचा हिशेब होता. जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा त्यांनी घेतली आणि ती भरून काढू लागले. तेव्हा हा गृहस्थ जमिनीत पैसा पुरतो आहे, असे समजून एका सावकाराने भांडवल देण्याचे नाकारले. १ जानेवारी १८७७ रोजी तेथे एम्प्रेस मिल सुरू झाली. तिची व्यवस्था त्यांनी बेझनजी मेहता यांच्यावर सोपविली. बेझनजींना गिरणीचा अनुभव नव्हता. परंतु रेल्वेच्या मालवाहतुकीचे काम त्यांनी केले होते. माणसाची पारख जमशेटजींना उत्तम होती. गिरणीची भरभराट झाली, आणि कामगारांसाठी १८८६ साली निवृत्तिवेतनाची योजनाही निघाली.

याच सुमारास त्यांच्या मनात पोलादाचा विचार आला. चांदा जिल्ह्यातील लोहारा येथे उत्तम लोखंड असल्याचा अहवाल १८८२ साली त्यांच्या वाचनात आला. वरोऱ्याची खाण व आगगाडी तेथून फार लांब नव्हती. त्यांनी कोळशाचे नमुने जर्मनीस तपासण्यास पाठविले. पण तो कोळसा लोखंड गाळण्यास निरुपयोगी ठरला. सरकारी अटीही जाचक होत्या. बेत सोडावा लागला. ध्यास मात्र सुटला नाही. सुमारे वीस वर्षांनी, वय झाले असताना, त्यांनी शोध पुन्हा आरंभिला. १९ मे १९०४ रोजी जर्मनीत त्यांचे देहावसान झाले. सुवर्णरेखा व खरकाई या नद्यांच्या संगमाजवळ १९१२ साली पोलाद तयार झाले, ते पाहण्यास जमशेटजी नव्हते. तेथील नगराला त्यांचे नाव मिळाले.

वर्धेच्या खोऱ्यातील तो लोहमार्ग वाढत जाऊन दिल्ली-चेन्नई या मोठ्या मार्गाचा भाग झाला आहे. नुसता मार्ग झाल्याने देश संपन्न होत नाही. त्या मार्गावरून आपला कच्चा माल बाहेर जातो, की आपल्या हातांनी घडविलेली वस्तू, यावर सारे अवलंबून असते. जमशेटजींनी आयुष्यभर याच प्रश्नाचे उत्तर शोधले.